नळदुर्गजवळच्या वस्तीवरची हातमागाची घोंगडी, आणि ती विणणारं घर

आधी वस्तूचं सांगतो, कारण किंमत अन् वजन बघायला आलेल्या माणसाला तेवढंच पाहिजे असतं. काळी घोंगडी, दोन्ही काठाला पांढरी पट्टी, लांबी साधारण साडेसात फूट, रुंदी साडेचार, वजन अडीच किलोच्या थोडं वर, किंमत २८०० रुपये. वडलांसाठी घेतली, ते अजून रात्री शेतात राखणीला झोपतेत. एक हिवाळा अन् एक पावसाळा वापरून झाला म्हणून आता लिहितोय, नवीनकोरी बघून लिहिण्यात काही अर्थ नव्हता.

रंग दिलेला नाही. मेंढी काळी म्हणून घोंगडी काळी. उन्हात धरली की काळ्यात मधी मधी तपकिरी अन् करडे केस दिसतेत, तेच तिचं खरेपण. रंगाच्या कढईत बुडवून काढलेली असती तर सगळीकडून एकसारखी काळी कुळकुळीत दिसली असती.

पहिल्या महिन्यात वडील म्हणले अरे ही तर पुठ्ठ्यासारखी उभी राहायली. खरंच होती तशी. विणायच्या आधी ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतेत, त्यानं सूत कडक होतं अन् मागावर तुटत नाही, अन् ती खळ घोंगडीत राहते. थंड पाण्यात रिठ्यानं एकदा धुतली, पिळली नाही, खाटेवर टाकून निथळू दिली, सावलीत वाळवली अन् मग बरीच मऊ झाली. गरम पाणी अन् वॉशिंग मशीन अजिबात नको, लोकर आटते अन् घट्ट गोळा होते. टोचते का तर टोचते, सुरवातीला जास्त, उघड्या अंगाला तर नकोच. आमच्या लेकरानं दोन मिनिटात फेकून दिली. ज्यांना मऊ पाहिजे त्यांनी जावळाची घ्यावी, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची, ती बोटाला वेगळीच लागते पण तिचे पैसे दुपटीकडं जातेत अन् ती कायम तयार मिळत नाही.

पावसाचं मात्र मानलं. वडील खोळ करून डोक्यावरून घेतेत अन् बांधावर उभे राहतेत. वरून ओली होते, जड होते, पण आत अंगाला गारठा लागत नाही. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ-ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, सुती चादरीत हे कधीच होणार नाही. ओली झाली की मेंढराचा वास येतो, हे सांगितलंच पाहिजे. वाळली की जातो, पण बंद खोलीत ओली ठेवली तर घरातले बोलतेत.

आता खरी-खोटीचा विषय. आमच्या एका नातेवाईकांनी शहरातल्या एका प्रदर्शनातून 'शुद्ध लोकर' म्हणून घोंगडी आणली होती, लई मऊ, लई हलकी, किंमत पण कमी. दशीतला एक धागा काढून पेटवला तर तो वितळला अन् टोकाला टणक मणी झाला, वास प्लास्टिकचा. लोकर तशी जळत नाही. केस जळल्याचा वास येतो, काडी बाजूला केली की आपोआप विझते अन् राहते ती राख बोटानं चुरगाळते. या वस्तीवर मी विचारायच्या आधीच घरातल्या पोरानं स्वतः दशी जाळून दाखवली. पानिपतकडून जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून केलेल्या ब्लँकेटचे गठ्ठे येतेत, त्याला माझं काही म्हणणं नाही, गरिबाला स्वस्तात ऊब मिळते, पण ते घोंगडी म्हणून विकू नये एवढंच.

आता त्या घराबद्दल, अन् हेच मला जास्त सांगायचंय.

तुळजापूर-नळदुर्ग रस्त्यावरून आत कच्च्या वाटेनं गेलं की माळावर ही वस्ती लागते. बोर्ड नाही. दगडी भिंतीचा वाडा, वाड्याला लागून माळवदाचं जुनं घर अन् त्याच्या पुढं पत्र्याचं शेड, शेडमधे खड्ड्याचा माग. मी वाड्याला वाडा म्हणतोय तो मेंढरांचा, माणसांचा नाही. घरच्या आजी आता ऐंशीच्या पुढच्या, नजर कमी झाली पण बोटं चालूच असतेत, त्या म्हणल्या, "आमच्या मामंजींनी आधी मेंढरांची भिंत घातली बाबा, माणसांची खोली तिसऱ्या सालाला." तीन वर्षं त्यांच्या सासूबाई उघड्यावर, वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, शेजारी खाट टाकून राहिल्या, तिथंच तीन दगडाची चूल अन् तिथंच लेकरं.

हे मामंजी म्हणजे या वस्तीचा मूळ पुरुष. माणदेशातले धनगर. निजामाच्या राज्यात, सोलापूरकडून हद्द ओलांडून दरसाल मेंढरं घेऊन यायचे. सोलापूर इंग्रजांचं, नळदुर्ग निजामाचं, मधी करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका, तिथं काहीतरी द्यावं लागायचं अन् द्यायला रोख नसलं की एखादं कोकरू जायचं असं आजी सांगतेत. पाठीवर बिऱ्हाड घेतलेलं घोडं, त्याच्यावर उलटी खाट बांधलेली, खाटेच्या पायात त्या रात्री जन्मलेली कोकरं अन् कोंबड्या, मागं बायका चालतेत, पुढं कुत्रं. आजीची मोठी नणंद अशीच सीनेच्या काठाला वाड्यावर जन्मली, अन् तिसऱ्या दिवशी बाळंतीण चालायला लागली कारण चारा संपला होता. मला हे ऐकताना लई वाईट वाटलं, आजींना मात्र त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं, माझ्याकडं बघून म्हणल्या मेंढराला थांब म्हणता येतं का.

मग थांबले कसे? तर शेतात मेंढरं बसवायची पद्धत होती, अजून आहे. रात्रभर कळप रानात बसवायचा, लेंडी अन् मूत जमिनीत जातं, त्याच्या बदल्यात शेतकरी ज्वारी देतो, आता पैसे देतेत. इथल्या पाटलाच्या रानात लागोपाठ काही साल मेंढरं बसली अन् ते रान असं पिकलं की पाटलानंच म्हणलं आता कुठं जाऊ नको, माळाचा कोपरा घे, विहिरीवर पाणी घे. कागद नव्हता. तोंडचा शब्द होता, अन् त्या शब्दावर माणसानं माळावरचे दगड वेचून भिंत घातली. कागद नंतर दुसऱ्या पिढीत झाला, त्याला किती हेलपाटे पडले ते आजीच्या मुलानं सांगितलं, कार्यालयाचं नाव इथं काढत नाही, पण तलाठ्यापासून वरपर्यंत सगळ्यांनी 'तुम्ही मुळचे इथले नाही' हे एकच वाक्य ऐकवलं असं त्यांचं म्हणणं. ज्या माणसाच्या लेंडीखतावर अर्ध्या गावाची ज्वारी पिकली त्याला हे ऐकावं लागलं, याचा मला अजून राग येतो.

१९४८ चा सप्टेंबर. पोलीस अ‍ॅक्शनच्या पहिल्याच दिवशी, १३ तारखेला, भारताची फौज सोलापूरकडून आली अन् पहिली चकमक नळदुर्गलाच झाली, बोरी नदीचा पूल ताब्यात घेतला. पुस्तकात एवढंच असतंय. या घरात त्या दिवसाची आठवण मेंढरांची आहे. मामंजी कळप घेऊन नदीच्या अंगाला होते, तोफेचा आवाज झाला अन् सगळा कळप एकदम फुटला, चहूकडं पांगला. पावसाळ्याचे दिवस, ओढ्याला पाणी. त्यांनी पळ काढला नाही, ओढ्याच्या कडंला बसून राहिले अन् म्होरक्या मेंढ्याला हाक मारत राहिले, अंधार पडायच्या आत बरीचशी मेंढरं परत आली. राहिलेली दोन दिवस शोधली. आजी तेव्हा लहान, दुसऱ्या गावात, त्यांना हे सासूनं सांगितलेलं, अन् सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या की त्या दिवशी नवरा येईल का नाही याच्यापेक्षा मला म्होरक्या येईल का नाही याची काळजी होती, म्होरक्या आला की नवरा मागून येणारच. शेवटी चारच दिवसांनी निजामाचं राज्य गेलं, १७ सप्टेंबरला, आपण झेंडावंदन करतो तो दिवस.

मामंजींना तीन मुलगे झाले. मोठा मेंढरांमागं गेला. धाकटा सोलापूरला मिलमधे लागला. मधला म्हणजे आजीचे मालक, ते मागावर बसले, पण ते सुरवातीपासून विणकर नव्हते. आधी या घरात फक्त सूत निघायचं, बायका रहाटावर कातायच्या अन् ते शेजारच्या गावातले सनगर विणून द्यायचे, विणणावळ म्हणून लोकर किंवा धान्य. मग बहात्तरचा दुष्काळ आला. मराठवाड्यात वेगळं सांगायची गरज नाही. पाला संपला, पाणी संपलं, कळपातली निम्म्याहून जास्त मेंढरं गेली, आजी अन् त्यांच्या जावा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेल्या, लेकरं सुकडीवर. घरात एकच गोष्ट होती, आधीच्या कातरणीची लोकर, पोत्यात भरून माळवदाखाली ठेवलेली. सनगराला द्यायला धान्य नव्हतं, तर सनगरानंच आजीच्या मालकांना सांगितलं बस माझ्याजवळ, शिक. असं कोणी आज आपला धंदा शिकवतं का? सुट्टीवर आलेल्या धाकट्या दिरानं मिलमधली नजर वापरून मागाची फणी नीट बसवून दिली. तीच फणी अजून चालू आहे असं नाही, पण मागाचा खड्डा तोच आहे, अन् त्या खड्ड्याच्या कडंला पाय ठेवायची जागा झिजून गुळगुळीत झालीय. मी हात फिरवून बघितला.

दुष्काळ सरल्यावर सासूबाईंचे चांदीचे वाळे मोडून सांगोल्याच्या बाजारातून परत मेंढ्या आणल्या. म्हणजे आज जो कळप आहे तो त्या वाळ्यांचा कळप. आजी हे सांगताना पहिल्यांदा रहाट थांबवून बोलल्या.

काम कसं चालतं ते थोडक्यात. मेंढरं दख्खनी जातीची, वर्षातून दोनदा कातरणी, त्याच्या आधी पाण्यात घालून धुतेत. एका मेंढीची एका कातरणीला किलोभरही लोकर निघत नाही, त्यामुळं माझ्या एका घोंगडीत सहज सात-आठ मेंढ्या आहेत. रंगाप्रमाणं लोकर वेगळी करायची, काटे-कुसळं हातानं वेचायची, पिंजायची, पेळू करायचे, मग कताई. सगळ्यात जास्त वेळ कताईत जातो, विणायचं काम त्यामानानं लवकर होतं. ताणा अंगणात खुंट्यांना ताणून त्याच्यावर ब्रशनं खळ देतानाचं काम जरूर बघा. दोन बाजूला दोन माणसं, एकाच्या हातात खळीचं टोपलं, ब्रश एकाच दिशेनं ओढायचा, मधी थांबला की तिथं गाठ धरते. आजींची सून अन् नातू न बोलता करत होते, एक पुढं सरकला की दुसरा आपोआप सरकतो. अंगणात चिंचोके भिजवून वाटल्याचा आंबूस वास. अन् ऊन पाहिजे, ढग आला की काम बंद. म्हणून पावसाळ्यात ऑर्डर दिली तर उशीर होणारच, माझी पण लईच उशिरा आली. दिलेली तारीख दोनदा पुढं गेली. कारण मला नंतर कळलं, फोनवर तेव्हाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. हा सर्व्हिसमधला दोष आहे अन् मी त्यांना तोंडावर बोललो.

घोंगडीत एके ठिकाणी, काठाजवळ, विण थोडी विरळ आहे. उजेडात धरली की दिसते. हातकामात असं चालतं म्हणून सोडून देणारे असतेत, मी सोडलं नाही, दाखवलं, तर नातवानं वाद न घालता बदलून घ्या म्हणलं. वडलांनीच नको म्हणलं, त्यांना तीच आवडली होती. पण बदलून द्यायची तयारी होती हे नोंदवतो.

किंमत जास्त आहे का? मी असं बघतो. आज लोकरीला भाव नाही. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते म्हणून कितीतरी मेंढपाळ लोकर कातरून ओढ्यात नाहीतर बांधावर फेकून देतेत, मी स्वतः बांधावर पडलेले काळे पुंजके बघितलेत. कळप आता मटणासाठी पाळतेत, त्यामुळं माडग्याळ जातीकडं ओढा जास्त, तिला वजन चांगलं पण लोकर जवळजवळ नाहीच. सरकारची महामेष योजना आहे, २० मेंढ्या अन् एक नर अनुदानावर, पुण्याचं मेंढी-शेळी महामंडळ आहे, त्याचं प्रक्षेत्र म्हणजे फार्म इकडं मराठवाड्यात पडेगावला, मुखेडला पण आहे, लस वगैरे मिळते. नातू आंत्रविषाराची लस पावसाच्या आधी न चुकता करतो, नाहीतर कोवळा चारा खाऊन धडधाकट मेंढी एका रात्रीत जाते. हे सगळं असलं तरी चरायला रान कुठंय? गायरानं गेली, सोयाबीन अन् ऊस सगळीकडं, फवारलेला बांध खाल्ला की मेंढरू आजारी. लांडग्याची भीती वेगळीच. अशात कोणी दख्खनी मेंढी ठेवतंय, लोकर फेकत नाही, घरी कातून घरी विणतंय, तर २८०० मधे त्यांना रोजंदारी तरी सुटते का असा प्रश्न मला पडला. मी नातवाला विचारलं, तो म्हणला घोंगडीवर घर चालत नाही दादा, मटणाच्या बोकडावर-मेंढ्यावर चालतं, घोंगडी आजीसाठी चालू आहे. म्हणून माझं स्पष्ट मत, तिथं जाऊन घासाघीस करू नका. महाग वाटली तर घेऊ नका, पण आजीसमोर बसून "दोन हजाराला द्या की" म्हणणारं एक कुटुंब मी बघितलं, मोठ्या गाडीतून आलेलं, अन् मला तिथं उभं राहायची लाज वाटली.

आणखी एक आवडलेली गोष्ट. घोंगडीवर झोपलं की बीपी जातं, शुगर जाते, कंबर बरी होते असलं काही तिथं कोणी सांगत नाही. ऑनलाईन विकणारे सर्रास सांगतेत. मी मुद्दाम आजींना विचारलं यानं गुडघे बरे होतेत का, तर त्यांनी स्वतःचे गुडघे दाखवले, सुजलेले, अन् म्हणल्या जन्म गेला घोंगडीवर. ऊब लागते, झोप लागते, एवढंच त्यांचं म्हणणं. देवाला मात्र लागते. जागरणाला, तळी भरायला खंडोबापुढं घोंगडी अंथरायचीच. अणदूरचा खंडोबा इथनं जवळ, देव साधारण दहा महिने अणदूरला अन् दोनेक महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला असतो, अन् मैलारपूरच्या यात्रेत पौष पौर्णिमेला या घरच्या घोंगड्या विकायला असतेत. दरसाल तिथं एक घोंगडी देवाला जाते, मामंजींपासूनचा नेम आहे, बहात्तरला पण मोडला नाही म्हणे.

ठेवायची कशी ते पण लिहितो कारण एका उन्हाळ्यात कसर लागून चाळणी झालेल्या घोंगड्या बघितल्यात. पेटीत कोंबून ठेवू नका. कडक उन्हात दोन्ही बाजूनं तापवून, झटकून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून सुती कापडात गुंडाळा, अन् अधूनमधून उघडून बघा. रोज वापरात असलेल्या घोंगडीला कसर लागत नाही.

पाच पैकी साडेचार. अर्धा कापला तो तारखा पाळल्या नाहीत अन् उशिराचं कारण वेळेवर सांगितलं नाही म्हणून. विरळ विणीचा कापला नाही.

जाणाऱ्यांसाठी: पावसात चारचाकी आत नेऊ नका, काळी माती आहे, रस्त्यावर लावून चालत जा. माळावर रेंज नाही, ऑनलाईन पेमेंट अडकतं, रोख जवळ ठेवा. दिवाळीनंतर घरातली गडीमाणसं कळप घेऊन भीमा-सीनेच्या काठाकडं उसाच्या पट्ट्यात निघून जातेत ते मृगाच्या तोंडावर येतेत, त्या काळात वस्तीवर आजी अन् सून असतेत, तयार माल मिळतो पण माप सांगून नवीन ऑर्डर घेत नाहीत. जावळाची पाहिजे असेल तर दसऱ्याच्या आत सांगून ठेवा, अन् कुत्रं सोडलेलं असतं, लांबनंच आवाज द्या, आजी ओळखीच्या माणसासारखं "या" म्हणतील मगच आत जा.